धूर न काढलेला माल

सिंधूताईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. नळ त्याच वेळी यायचा. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, म्हणून ती बादल्या घेऊन खाली उतरायची आणि भरून वर न्यायची. मग परत खाली. लिफ्ट चालू असली तर लिफ्टने, नसली तर जिन्याने. गेलं वर्षभर बहुतेक जिन्यानेच. पाणी झालं की नवऱ्याला बसतं करायचं, त्याचं आवरायचं, भाकरी टाकायच्या, आणि जरीपटक्याच्या चौकात कंपनीची बस पकडायची.

मेहनत हा शब्द मी जपून वापरतो. आजकाल कोणीही वापरतो. फोनवर दोन माणसांशी बोलला की मेहनत. मी सिंधूताईच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो, आणि रिटायर होईपर्यंत कळमेश्वरच्या एमआयडीसीत, ती आहे त्याच रेझिस्टरच्या कारखान्यात भट्टीवर होतो. तिथे मेहनत करणारी माणसं थोडी होती, दमणारी पुष्कळ. सिंधूताई थोड्यांमधली.

ती वाइंडिंगवर. चिनी मातीची पोकळ नळी हातमशीनवर अडकवायची आणि तिच्यावर नायक्रोमची तार गुंडाळायची. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम. लाल होईपर्यंत तापली तरी जळत नाही, म्हणून ती. दोन वेढ्यांत अंतर सारखं हवं. वेढ्याला वेढा चिकटला की वीज मधूनच पळते आणि माल बाद होतो. तार जास्त ओढली तर बारीक होते, ढिली सोडली तर तापल्यावर सरकते. तो ताण मशीन देत नव्हती, सिंधूताईचा अंगठा देत होता. त्या अंगठ्यावर तारेची खाच पडली आहे. अजून आहे.

नळी भरली की टोकाला काचेच्या तंतूंचा, न जळणारा धागा बांधायचा आणि तोडायचा. ती दाताने तोडायची. कात्री होती, पण सगळ्या बायांत एक. ती शोधत बसलं तर माल मागे पडतो. झिजून झिजून तिचा समोरचा एक दात तुटला, शेजारचा हलायला लागला. हसताना ती तोंडावर पदर घ्यायची. ओव्हरटाइमचे पैसे ती दातांसाठी बाजूला टाकत होती. मला त्या एका कात्रीची आजही चीड येते. तारेच्या रिळांनी गोडाऊन भरलेलं, आणि बायांना कात्री एक.

तिच्याकडून नळी लेपाला जायची, लेपाकडून माझ्या भट्टीत, आणि भट्टीतून शेडच्या मागे, धूरटेबलावर. नव्या मालाला पहिल्यांदा पूर्ण करंट दिला की लेपात राहिलेलं सगळं जळून निघतं. काळा, डोळे झोंबणारा धूर. रबर जळाल्यासारखा वास. थोड्या वेळाने तो थांबतो आणि त्या नळीतून पुन्हा कधीच निघत नाही. मग माल पॅक. हे टेबल वाऱ्याच्या बाजूला होतं, तिथे आम्ही पुरुषच असायचो, आणि काम सुरू व्हायचं तेव्हा बायांची बस सुटलेली असायची. हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढचं सगळं यावर अडलं.

सिंधूताईच्या नवऱ्याचं नाव दादाजी. नावच दादाजी, कोणाचा आजोबा म्हणून नाही. गांधीबागेत कापडाचे गठ्ठे उचलण्यात त्याचा जन्म गेला. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. तोंड शाबूत राहिलं. सिंधूताई म्हणायची, "तेच गेलं असतं तर बरं झालं असतं, भाऊ. हात कामाचा होता."

दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं येतात. त्यांच्या वाटेवर आमच्या वस्तीचा भोजनदानाचा मंडप असतो. आलू-वांग्याची भाजी मोठ्या कढईत होते, आणि ती हलवायचा लांब दांड्याचा सराटा दादाजीच्या हातात असायचा. लग्नाआधीपासून. दुसऱ्या कोणाला तो हात लावू देत नसे. आजारपणानंतरच्या पहिल्या दसऱ्याला लिफ्ट बंद होती. चौघांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून जिन्याने काढलं. दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा पाय तुटला. दादाजी पायरीवर आपटला. चौघांपैकी एकाच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. घाबरून तो हसला आणि त्याची थुंकी दादाजीच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. मी खाली उभा होतो. 

दादाजी त्याच पायरीवरून म्हणाला, "आता वर न्या मले. अन् आजपासून कोणी हात लावायचा नाही. मी गठ्ठे उचलले गा, गठ्ठा नाही झालो. लिफ्ट चालू झाली तं उतरीन. नाही तं इथून एकदमच उतरीन."

एकदम म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही.

आता लिफ्ट. ती सारखी का बंद पडत होती ते मेकॅनिक रोहितने पहिल्याच दिवशी नीट सांगितलं होतं. पोरगा कामाचा आहे. लिफ्ट थांबते तेव्हा मोटर उलट वीज फेकते. ती कुठेतरी जिरवावी लागते. त्यासाठी गच्चीवरच्या खोलीत एक लोखंडी डबा असतो आणि त्यात तारेचे रेझिस्टर. वीज त्यांच्यात जाते, ते तापतात, संपलं. रेझिस्टर जळाला की वीज जिरत नाही, मोटर चालवणारी ड्राइव्ह बंद पडते आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे लटकते.

रोहितने ओहम, म्हणजे वीज किती अडवायची, आणि वॅट, म्हणजे गरमी किती सोसायची, दोन्ही लिहून दिले. आमच्या बिल्डिंगच्या कमिटीचा सेक्रेटरी पियूष. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने ओहम वाचले, वॅट सोडून दिले आणि कुठूनतरी स्वस्तातला आणला. तो जळाला. दुसरा आणला, तोही जळाला. तिसऱ्याच्या वेळी खाली लिफ्टच्या दारात बोलणं झालं.

"काका, ओहम तर सेम आहे ना?" पियूष मला म्हणाला. "माझ्या दुकानात डबीभर पडले आहेत. रेझिस्टर म्हणजे रेझिस्टर."

त्याच्या डबीत काय असतं ते मला माहीत आहे. बहुतेक कार्बनचे. मातीच्या बारीक कांडीवर काजळीसारखा थर, वर रंगीत पट्टे, पट्ट्यांवरून ओहम कळतात. चार्जरमध्ये, रेडिओत, पोरांच्या खेळण्यात ते पुरतात. काही मेटल फिल्मचे असतात, धातूच्या पातळ थराचे. ते नेमके, म्हणून मीटरमध्ये आणि वजनकाट्यात. मेटल ऑक्साइडचे त्यांच्यापेक्षा जास्त गरमी सोसतात. रस्त्यावरच्या दिव्याला संध्याकाळ झाली हे सांगणाराही एक रेझिस्टरच असतो, उजेडात त्याचा विरोध उतरतो, अंधारात चढतो. सगळे विजेला अडवतात. पण अडवताना जी गरमी होते ती कोण किती वेळ सोसेल, हा खरा प्रश्न. लिफ्ट, क्रेन, रेल्वेचं इंजिन, इथे तारेचाच लागतो, आणि तार जाड लागते.

हे मी पियूषला सांगितलं. त्याने मान हलवली आणि फोन पाहिला. पुढे दादाजीला सांगितलं, तर त्याला एका वाक्यात समजलं.

"गठ्ठा तोच," तो म्हणाला, "पण मान कोणाची हाय ते पाह्यलं पाहिजे ना गा."

पियूषने तिसराही तसलाच आणला, तोही जळाला, आणि तो मी मागून घेतला आणि अंगणात हातोडीने फोडला. वरून हिरवा, चकचकीत. आत केसासारखी तार, वेढे एकमेकांवर चढलेले, आणि एका टोकाला चक्क गंज. नायक्रोमला गंज चढत नाही. साधी लोखंडी तार घालून वर रंग फासला होता. ज्या हाताने हे केलं त्या हाताला पगार मिळाला असेल, तो त्याने घरीही नेला असेल. 

सिंधूताई शिफ्टवरून येताना माझ्याकडे थांबली. तुकडे पाहिले, बोटाने वेढे चाचपले.

"जयभीम, भाऊ. हे कोणत्या हातानं केलं?"

"हात नव्हता. जनावराचा पंजा होता."

ती हसली, पदर तोंडावर गेला. मग तुकडे पिशवीत टाकून वर गेली.

पुढचं तिने मला न सांगता केलं. सुपरवायझर बाईंना विचारून स्टोअरमधून नळ्या आणि तार घेतली, पगारातून कापून. जेवणाच्या सुट्टीत गुंडाळली. लेपवाल्याने लेप दिला, माझ्या जागी आलेल्या माणसाने भट्टीत भाजली. दसरा पंधरवड्यावर आला होता. माल भट्टीतून निघाला तेव्हा बस सुटत होती, म्हणून तिने तो फडक्यात गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन आली. आपलं काम पुरं झालं असं तिला वाटलं. का वाटू नये? भट्टीच्या पुढे काय होतं ते एकाही वाइंडिंगवालीने कधी पाहिलं नव्हतं.

पियूष आधी म्हणाला, "घरचा माल लिफ्टमध्ये? उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?" मग त्याने विचारलं, पैसे किती. ती म्हणाली, काही नाही. फुकट म्हटल्याबरोबर त्याची जबाबदारी विरघळली.

रविवारी रोहितने डबा बसवला. ओहम मोजले. बरोबर. वेढ्यांवरून बोट फिरवून म्हणाला, "मावशी, कंपनीचा माल दिसून राहिला." मग त्याला दुसरीकडून फोन आला. कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. "थोड्या रिकाम्या फेऱ्या मारा, मग माणसं बसवा," असं सांगून तो गेला.

रिकामी लिफ्ट वर जाताना सगळ्यात जास्त वीज फेकते, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाचं जड वजन तिला ओढतं. पियूषने बटण दाबलं. एक फेरी, दोन फेऱ्या. चौथ्या मजल्यावर दादाजी धुतलेला सदरा घालून चाकाच्या खुर्चीत दाराशी बसला होता. सिंधूताईने त्याचे केसही विंचरले होते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला गच्चीवरून धूर उतरला.

मी माझ्या अंगणातून आरडाओरडा ऐकला. चढायला मला वेळ लागतो. जिन्यात माणसं वरून खाली पळत होती, एका बाईने टीव्ही उचलला होता. दादाजीला मात्र कोणी उचललं नव्हतं. तो धुरात दाराशी तसाच. सिंधूताई त्याच्या तोंडावर ओला टॉवेल धरून उभी होती.

"आग नोहे," मी ओरडलो. "धूर हाय तो! निघू द्या! पाणी टाकू नका!"

वरून आवाज आला. तापलेली चिनी मातीची नळी फुटते तेव्हा फटाक्यासारखी वाजते. एक, मग दुसरी, मग सगळ्या.

पियूषने कोणाच्या तरी कूलरमधलं पाणी आणून टाकलं होतं. मेन स्विच बंद करण्याएवढी अक्कल त्याला होती, नाहीतर तोच वाजला असता. मी वर पोचलो तेव्हा तो बादली घेऊन उभा होता, सगळे त्याच्या पाठीवर हात मारत होते. खोलीत शेवाळ्याच्या पाण्याचा आणि जळक्या लेपाचा वास एकत्र झाला होता. जमिनीवर नळ्यांचे तुकडे. तारेचे वेढे तेवढे जागच्या जागी, सारख्या अंतरावर.

"वाचवलं, काका," पियूष म्हणाला. "सांगत होतो ना, घरचा माल नको."

मी वाकून तुकडे गोळा करू लागलो. 

सिंधूताई मागून आली. तुकडा उचलून पाहिला. "माहं काय चुकलं?" तिने मला विचारलं. फक्त मला.

"गुंडाळण्यात काही नाही. धूर काढला नव्हता."

"कोणता धूर?"

मी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी तार गुंडाळून राहिली, अन् हे आम्हाले कोणीच काहून नाही सांगितलं?"

"तुमची बस सुटायची."

"बस सुटायची," ती म्हणाली. "अन् तुमचं तोंड?"

 मग मी विचारलं, नळ्या करताना मला का नाही विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही बोलता कमी अन् टोचता जास्त, भाऊ."

खाली घरी दादाजीने सदरा काढून ठेवायला सांगितला. "घडी घालून ठेव वं," तो म्हणाला. "यंदाचा दसरा पाहून घेतला मी."

दुसऱ्या दिवशी ती पहाटे नेहमीसारखी बादल्या घेऊन उतरली. मी दारात बसलो होतो. बादल्या खाली ठेवून म्हणाली, "दाताचा डाक्टर पळून नाही जात. दसरा जाते."

दुसऱ्या वेळचा माल दाताच्या पैशांतून आला. पगारातून पुन्हा कापता येत नव्हतं. या वेळी रोहितने जास्त वॅटचा मागितला, म्हणून नळ्या वाढल्या, तार जाड घेतली. जाड तारेला अंगठा जास्त लागतो. तिच्या खाचेतून रक्त आलं, ते तिने तारेला लागू दिलं नाही. लेपाखाली ओल किंवा तेल राहिलं की भट्टीत फोड येतात. अंगठ्याला चिंधी बांधायची, बदलायची आणि परत गुंडाळायची. काचेचा धागा या वेळीही दातानेच तोडला, उरलेल्या दातांनी. तेव्हा मला कात्री नेऊन द्यायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी तिने ठेवली नसती. सवय झाली होती.

माल भट्टीतून निघायच्या दिवशी मी एसटीने कळमेश्वरला गेलो. गेटवरचा वॉचमन जुना, त्याने सोडलं. बायांची बस सुटली. सिंधूताई तिच्यात बसली नाही. बाया खिडकीतून ओरडल्या, "काय वं सिंधूताई, भाऊसंगं ओव्हरटाइम?" ती म्हणाली, "हो, तुम्ही पापड लाटा घरी जाऊन."

शेडच्या मागे आम्ही तिच्या नळ्या टेबलावर लावल्या. करंट चढवला. धूर निघाला. ती लांब उभी राहिली नाही, टेबलाला लागून उभी राहिली. पदर नाकाला, डोळ्यांतून पाणी. तिने गुंडाळलेली प्रत्येक नळी याच टेबलावर अशी धुपून गेली होती, आणि ती पहिल्यांदा पाहत होती.

"किती घाण वास हाय हो," ती म्हणाली. "अन् तुम्ही रोज हे खाऊन राहिले?"

"रोज."

"मंग बरोबर हाय. म्हणून असे बोलता."

धूर बारीक झाला, मग थांबला. मी करंट बंद करून नळ्या गार होऊ दिल्या, परत चढवला. हवा नितळ. ती नळ्यांकडे बघत राहिली. लेप करडा पडला होता, एकही फोड नाही.

रोहितने दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा बसवला. या वेळी तो थांबला. पियूष गच्चीच्या दारात भरलेली बादली घेऊन उभा होता. रोहित त्याला म्हणाला, "भाऊ, ती बादली तुळशीले टाका, नाही तं डोक्यावर घ्या. इथं नको." रिकाम्या फेऱ्या झाल्या, भरल्या फेऱ्या झाल्या. डबा तापला. धूर नाही, वास नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी मुद्दाम चौथ्या मजल्यावर गेलो. दादाजी तयार होता, तोच सदरा. सिंधूताईने खुर्ची ढकलली, मी दार धरलं. आत भिंतीवर ताजी लाल पिचकारी होती. रात्रीतून कोणीतरी मारलेली. लिफ्ट चालू होऊन एक दिवस झाला नव्हता. ज्या लोकांना जिना चढायला लागत नव्हता, त्यांनी पहिली गोष्ट ही केली.  मी फडकं शोधू लागलो.

"राहू द्या, भाऊ," सिंधूताई म्हणाली. "मी पुसणार नाही. तुम्हीही पुसू नका. गुंडाळलं तेवढं बस झालं."

दादाजीने पिचकारीकडे पाहिलं. "सदऱ्यावर नाही ना यंदा?" त्याने विचारलं. "मंग चला."

लिफ्ट उतरली. खाली हळू झाली, थांबली, दार उघडलं. दादाजीने आपल्या डाव्या हाताने खुर्चीचं चाक उंबऱ्यावरून स्वतः ढकललं. कोणाला हात लावू दिला नाही.

मंडपात भाजी शिजत होती. सराटा एका जवान माणसाच्या हातात होता. दादाजीने त्याला म्हटलं, "सोड ते. बुडाले लागून राहिली, वास येत नाही का तुले?" आणि डाव्या हाताने सराटा घेतला. डाव्या हाताने भाजी नीट हलत नाही. कडेने सांडली. त्याने सांडलेली पाहिली, कोणाला पुसू दिली नाही, हलवत राहिला.

कमिटीने महिन्याभराने बोर्डावर लिहिलं की लिफ्ट सदस्यांच्या सहकार्याने सुरळीत झाली. सदस्य कोणते ते लिहिलं नाही. बिल्डिंगमध्ये कोणी सिंधूताईला विचारलं नाही की तुझे किती गेले. फुटलेल्या नळ्यांतली चांगली तार मी काढून तिला दिली. ती म्हणाली, ठेवा, कशाला तरी येईल.

तिचा दुसरा दातही पडला. आता ती तोंडावर पदर घेत नाही, घ्यायला हात मोकळा नसतो. आताही साडेचारलाच उठते, पण बादल्या लिफ्टने वर जातात. दातांसाठी केलेल्या ओव्हरटाइमचं जे आलं ते गच्चीवरच्या लोखंडी डब्यात आहे: चिनी मातीच्या नळ्या, सारख्या अंतरावर नायक्रोमचे वेढे, वर धूर निघून गेलेला करडा लेप. लिफ्ट थांबते तेव्हा त्या तापतात आणि मग गार होतात. संध्याकाळी दादाजी खाली येऊन बसतो.